मदत हवी आहे: प्रीकास्ट छत काँक्रीटच्या भिंतींना कसे बांधावे? (वडोदरा)

नमस्कार मंडळी,

मांजलपूर भागात आमच्या मंडळाचे एकमजली सभागृह उभे राहत आहे. मी स्थापत्य अभियंता असलो तरी सारी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली, म्हणून जाणकारांना विचारतो. सभागृह ७ × १४ मीटरचे, भिंती २०० मिमी जाडीच्या काँक्रीटच्या आहेत. २०० मिमीच्या पोकळ प्रीकास्ट (कारखान्यात आधीच ओतलेल्या) फळ्या दोन्ही लांब भिंतींवर ७५ मिमी टेकतील आणि वर ६० मिमी टॉपिंग (जागेवर ओतलेला काँक्रीटचा थर) येईल. नकाशात जोडापाशी ‘योग्य रीतीने बांधावे’ एवढीच ओळ आहे. ठेकेदाराच्या मते वजनाने फळ्या जागच्या हलणार नाहीत.

हे मला पटत नाही. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधील काही शाळांच्या प्रीकास्ट छताच्या फळ्या कोसळल्या, त्या एकमेकींना आणि भिंतींना नीट बांधलेल्या नव्हत्या म्हणूनच. भूकंपात घर्षणाचा भरवसा धरायचा नसतो.

आयएस १८९३ या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे वडोदरा भूकंपप्रवण झोन ३ मध्ये येते. झेड (झोनचा गुणांक) ०.१६, सभागृहासाठी महत्त्वगुणांक १.५, तन्य (न तुटता वाकू शकणाऱ्या) भिंतींसाठी आर (बल घटवणारा गुणांक) ४ आणि एसए/जी (इमारतीच्या हादऱ्याचा गुणांक) २.५ धरल्यास आडवा गुणांक, म्हणजे वजनाच्या प्रमाणात येणारे आडवे बल, ०.०७५ येतो. छत आणि भिंतींचा वरचा अर्धा भाग मिळून सुमारे १००० किलोन्यूटन भरतात, म्हणजे १.५ च्या भारगुणकासह प्रत्येक आखूड भिंतीच्या माथ्यावर मीटरमागे जेमतेम ८ किलोन्यूटन कातरबल येते. ३०० मिमी अंतरावरच्या १२ मिमी सळया त्याला पुरून उरतात. प्रश्न सळयांच्या क्षेत्रफळाचा नसून काँक्रीटमधील त्यांच्या पकडीचा आहे.

एम २५ प्रतीच्या काँक्रीटमध्ये एफई ५०० प्रतीच्या पोलादाच्या १२ मिमी सळईला सुमारे ५८० मिमी पकडलांबी (पूर्ण ताकदीसाठी काँक्रीटमध्ये रुतायची लांबी) लागते. आखूड भिंतींवर फळ्या टेकतच नाहीत, तेथे भिंतीला बाहेर कलंडण्यापासून रोखणारे टॉपिंगच. आणि ६० मिमीत या सळईचा काटकोनी बाक कव्हरसह (सळईवरच्या काँक्रीटच्या आवरणासह) बसत नाही. त्यात काल पाहिले, तर गवंड्याने भिंतीतून वर आलेल्या सळया लोखंडी पाइप घालून मुळाशीच वाकवल्या होत्या. दोन ठिकाणी काँक्रीटचा कपचा उडाला होता आणि एक सळई तर हाताने हलत होती.

माझा विचार असा: भिंत फळ्या टेकतात त्या पातळीलाच थांबवावी, माथा ६ मिमी खोल खडबडीत करावा, आणि सभोवार टॉपिंगसह एकसंध ओतलेली बंधक तुळई द्यावी, म्हणजे भिंतीच्या सळया तिच्यात २६० मिमी उंचीत वळतील आणि तिच्यातून आडव्या सळया टॉपिंगमध्ये ६०० मिमी जातील. लांब भिंतींवर मात्र फळ्यांच्या ७५ मिमी टेकूनंतर तुळईला १२५ मिमीच रुंदी उरते. तेवढ्यात १३५ अंशांच्या हुकांच्या रिंगा (तुळईच्या सळयांभोवतीची कडी) नीट बसतील का, की भिंतीचा माथा बाहेरच्या बाजूने रुंद करावा? आणि ढिल्या सळईच्या जागी रीबारिंग (भोक पाडून रसायनाने नवी सळई चिकटवणे) केल्यास भूकंपातील तडा गेलेल्या काँक्रीटमध्ये ते टिकते का? फळ्या पुढच्या आठवड्यात येणार आहेत.