'टिपणे' हे क्रियापद माणसांसाठी वापरावं का? (ड्रोन हल्ल्यांच्या संदर्भात)

एका मासिकासाठी काबूलमधल्या ड्रोन हल्ल्यावरचा लेख मराठीत आणतेय, २९ ऑगस्ट २०२१ चा. एका वाक्यात मी सहज लिहून गेले, "अमेरिकी ड्रोनने त्याची गाडी टिपली". आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली टिपली म्हणजे फोटो काढला का गं? तेव्हापासून शब्द डोक्यातून जात नाहीये. दुसरा कुठला शब्द सुचतोय का?

प्रतिसाद

आईंचा प्रश्न अगदी बरोबर आहे हो. कोंबडी दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, पदराने डोळे टिपतात, मीटिंगमध्ये मुद्दे टिपून घेतो, कॅमेरा क्षण टिपतो, आणि नेमबाज माणूस टिपतो. सगळीकडे टिपली जाणारी वस्तू बारीक असते, दाणा, थेंब, अक्षर. म्हणजे माणूस टिपला म्हटलं की तो आधीच दाण्याएवढा झालेला असतो, लांबून तसाच दिसतो ना. पेपरात "दोन अतिरेकी टिपले" वाचताना आपल्याला काहीच वाटत नाही त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. आणि ड्रोनमध्ये तर कॅमेरा आणि क्षेपणास्त्र एकाच यंत्रावर, म्हणजे टिपण्याचे दोन्ही अर्थ एकाच वेळी लागू. इतका नेमका बसणारा शब्द आहे म्हणूनच मला त्याची भीती वाटते.

प्रतिसाद

'ठार' वापरा, प्रश्न मिटला.

प्रतिसाद

ठार ठीक आहे, पण मला अडचण 'ड्रोनने' मध्ये दिसते. आपला 'ने' कर्त्यालाही लागतो आणि साधनालाही. "सुरीने कापलं" म्हटलं की कुणीतरी सुरी धरली होती हे न सांगता कळतं, पण "ड्रोनने मारलं" म्हटलं की ड्रोनच कर्ता होऊन बसतो, माणूस वाक्यातून गायब. विमान, तोफ यांचंही थोडं तसं होतं पण ड्रोनचं सगळ्यात जास्त, कारण त्यात माणूस बसलेलाच नसतो. तो कुठेतरी लांब खुर्चीत बसून पडद्याकडे बघत असतो.

लांबून बघताना शब्दच कसे निर्णय घेतात त्याचं एक उदाहरण देतो. फेब्रुवारी २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या उरुझगानमध्ये तीन गाड्यांवर अमेरिकी हेलिकॉप्टरमधून हल्ला झाला, त्याआधी कित्येक तास त्या गाड्यांवर ड्रोनची नजर होती, ड्रोन चालवणारे नेवाडात आणि चित्र तपासणारे फ्लोरिडात. त्यांचं बोलणं नंतर बाहेर आलं. गाडीत मुलं आहेत असं आधी कळवलं गेलं आणि बोलता बोलता त्या मुलांचे 'किशोरवयीन' झाले. गाडीतली माणसं तीच, फक्त शब्द वयाने मोठा झाला. गावच्या वडीलधाऱ्यांनी २३ मेलेले मोजले.

प्रतिसाद

जुना शब्द आठवला, शब्दवेध. न बघता, नुसत्या आवाजावर बाण मारणं. दशरथाने शरयूच्या काठी अंधारात घडा भरल्याचा बुडबुड आवाज ऐकला, श्वापद पाणी पितंय असं समजून बाण सोडला, आणि तो श्रावण निघाला.

आता काबूलचं बघा. ज्या पांढऱ्या कोरोला गाडीवर हल्ला झाला ती चालवणारा माणूस एका अमेरिकी मदत संस्थेत नोकरीला होता, त्याच्या गाडीवर सुमारे आठ तास नजर ठेवली होती, आणि गाडीत जे स्फोटकं म्हणून मोजलं गेलं ते पाण्याचे कॅन असावेत असं पुढे पत्रकारांच्या तपासात आलं. घरच्यांसाठी पाणी नेत होता. १० माणसं गेली, त्यात ७ मुलं. तिथे घडा, इथे कॅन, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

फरक एवढाच की दशरथ उठून काठावर गेला. श्रावणाच्या हातचं पाणी घेऊन त्याच्या आंधळ्या आईबापांपुढे उभा राहिला आणि मी मारलं म्हणाला. काबूलमध्ये हल्ल्याच्या दुसऱ्याच रात्री शेवटचं अमेरिकी विमान उडून गेलं. अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांनी आधी हल्ला योग्य ठरवला होता, १७ सप्टेंबरला अमेरिकी लष्कराने चूक झाली हे कबूल केलं, पुढे कुणावरही कारवाई झाली नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. 'शब्दवेध' लेखात आणायचा मोह झाला पण तो मूळ लेखकाचा शब्द नाही, त्यामुळे अनुवादात घालता येणार नाही, संपादकीय टिपेत बसतोय का विचारते. 'टिपली' काढलं, 'ड्रोनने' पण काढलं. आता वाक्य असं आहे: "आठ तास त्याच्या मागावर असलेल्या माणसांनी ड्रोनमधून क्षेपणास्त्र सोडून त्याला आणि घरातल्या मुलांना मारलं." लांब झालंय, छापताना कापतील कदाचित. 'माणसांनी' तेवढं ठेवा असं सांगून ठेवते.