सेलमबद्दल थोडं अजून
कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलममध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून बायकांना जिवंत जाळलं, पण तसं नाहीये, १६९२ मध्ये तिथे १९ जणांना फाशी दिली, त्यात ५ पुरुषही होते, आणि ऐंशीच्या आसपासच्या जाइल्स कोरीला तर तो कोर्टात उत्तरच देईना म्हणून अंगावर दगड रचून मारलं. मला सगळ्यात लागते ती एलिझाबेथ जॉन्सनची केस. विशीतली पोरगी, शिक्षा झाली पण फाशी टळली, नंतर बाकीच्यांची नावं टप्प्याटप्प्याने निर्दोष म्हणून जाहीर होत गेली आणि हिचं राहूनच गेलं, मागे लागायला मूलबाळही नव्हतं ना! शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्याच आठवीच्या मुलांनी आणि त्यांच्या टीचरनी पाठपुरावा केला, तेव्हा कुठे २०२२ मध्ये ती निर्दोष ठरली.