आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं, ते नागपूरला प्रतापनगरात अन् मी टोरांटोत. काय करू?

खिडकीतली_चिमणी: 23 मे 2026 ला चाळिसावा वाढदिवस आहे लग्नाचा. आम्हाला यंदा सुटी नाही. बजेट आठ हजार रुपये, वर एक पैसा नाही. बाबांना शुगर आहे, अनोळखी नंबर उचलत नाहीत, आणि रात्री बाराला बेल वाजवून केक आणणारे दोघांनाही आवडत नाहीत. सुचवा.

धरमपेठची_सून: पेंचला पाठवा दोन रात्री. आम्ही सासू-सासऱ्यांना पाठवलं होतं, सिल्लारी गेटने. पाणवठ्यावर वाघीण दिसली! रिसॉर्ट, जिप्सी, गाइड धरून तीसेक हजार जातात, पण आयुष्यात एकदाच.

तर्रीबाज: आठ हजार लिहिलंय ना ताई वर. अन् मे महिन्यात, 45 डिग्रीत, म्हाताऱ्या माणसांना उघड्या जिप्सीत बसवून राहिले का?

धरमपेठची_सून: सकाळची सफारी असते. माझे सासरे 74 चे आहेत, त्यांना काही झालं नाही.

मिसिसागाकर: केक अजिबात नको. मी मागवला होता. डिलिव्हरीवाल्याचा फोन बाबांनी कापला, तो भर दुपारी चौकीदाराकडे डबा ठेवून गेला. संध्याकाळी आईने उघडला तर क्रीम सगळं तळाशी, अन् 'हॅपी' एवढंच वर तरंगत होतं. पैसे परत मिळाले नाहीत ते वेगळंच. बाकी, एनआरओ खात्याला (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं) कॅनडाचा नंबर जोडून यूपीआय वापरता येतं, 2023 पासून सोय आहे. तुमची बँक देते का विचारा. ओटीपीसाठी बाबांना उठवावं लागत नाही.

ऑरेंज_सिटीवाला: संत्र्यांची टोपली पाठवा. नागपूरची शान!

तर्रीबाज: मे महिन्यात संत्री कुठून आणता बाप्पा? मृग बहार कधीचा संपतो. पाठवायचीच तर संत्रा बर्फी पाठवा.

ऑरेंज_सिटीवाला: शुगर आहे त्यांना. वाचत जा.

निवृत्त_काका: मुळात तारखेने कशाला? यंदा 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे. लग्न वैशाखातलं असेल तर तिथी होऊनही गेलेली असेल. शिवाय धोंड्याचा महिना, तुमचे आई-बाबाच जावयाला वाण द्यायला निघतील. माझे जावई सिडनीला. 2023 च्या अधिकात कुरियरने अनारसे पाठवले, चुरा पोचला. फोनसुद्धा मीच केला. आजकालची मुलं!

धरमपेठची_सून: काका, तांदूळ तीन दिवस भिजवले होते का? अनारसा नीट जमला असेल तर एवढा मोडत नाही.

निवृत्त_काका: भिजवले होते. दोष कुरियरचा.

पाटवडी_रस्सा: घरीच जेवण ठेवा. खामल्याकडे घरून ऑर्डर घेणाऱ्या काकू आहेत. पाटवडी-रस्सा, वडाभात, पोळ्या, मठ्ठा. दहा-बारा माणसांचं तुमच्या बजेटात बसावं. आईच्या भिशीतली एखादी मैत्रीण हाताशी धरा, ऑर्डर तिच्या नावाने, फोनही तिलाच येऊ द्या. दुपारी ठेवू नका. रात्री आठला ठेवलं तर तुमच्याकडे सकाळचे साडेदहा, आणि त्या दिवशी शनिवार. निवांत बोलता येईल.

तर्रीबाज: चाळीस वर्षांनी पाटवडी? सावजी मटण सांगा.

मिसिसागाकर: मी पुन्हा सांगतो, केक नको.

खिडकीतली_चिमणी: सगळ्यांचे आभार. आत्ता आईशी बोलले. हॉलमधल्या कूलरची मोटर जळली आहे, ताट्या कुजल्या आहेत, आणि बाबा खिडकीला ओली चादर बांधून झोपतात. मला कोणी सांगितलंच नव्हतं. नवा कूलर घेतेय, बर्डीवरून. शेजारचा मुलगा आणून बसवून देणार. वाळ्याच्या ताट्या धरून आठ हजार नऊशे.

धरमपेठची_सून: अॅनिव्हर्सरीला कूलर?? त्यापेक्षा थोडे घालून एसी तरी घ्या.

तर्रीबाज: लोखंडी घेजा ताई. प्लास्टिकचा दोन उन्हाळे टिकत नाही.

निवृत्त_काका: लोखंडी मुळीच नको. शॉक लागतो.

तर्रीबाज: अर्थिंग करून घ्या अन् पाणी भरताना प्लग काढा म्हणा. आमचा 2009 चा आहे, अजून चालून राहिला.