मदत हवी आहे : ऊसतोडीच्या फडावरच्या टोळीला माहितीपटाच्या पूर्वप्रदर्शनाला कसं आणावं?

नमस्कार मंडळी. मी मूळचा शिरूर कासारकडचा, सध्या पुण्यात नोकरीला. आई-वडील अजून ऊसतोडीला जातात, यंदा दौंड तालुक्यात आहेत. गेल्या हंगामात त्यांच्या टोळीवर दोघा पोरांनी माहितीपट केला. पोरं चांगली आहेत, कोपीत म्हणजे फडावरच्या झोपडीत मुक्काम केला, चुलीवरची भाकरी खाल्ली. आता येत्या रविवारी सकाळी लॉ कॉलेज रोडला पूर्वप्रदर्शन ठेवलंय, अख्ख्या टोळीला आमंत्रण आहे.

पण रविवार आपल्याला, फडाला कुठला? पहाटे चारला टोळी उसात शिरते. ट्रक रात्री अकराला आला तरी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं आणि गाडी भरून द्यायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक जण जरी आलं तरी खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर, म्हणजे आधी घेतलेल्या पैशांवर चढतात. मुकादम म्हणाला, "शिनेमा पाडव्यानंतर बघा." त्याच्याही मागे कारखान्याचा तगादा असतोच म्हणा.

दुसरी गोष्ट जास्त टोचतेय. माझी मावशी माहितीपटात गर्भाची पिशवी काढल्याबद्दल बोलली आहे, चेहरा न झाकता. २०१९ च्या सरकारी समितीने बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ते आकडे सगळ्यांनी छापले, पण त्यात कुणाचं तोंड दिसलं नाही. संमतीच्या कागदावर मावशीचा अंगठा आहे. हॉलमध्ये पत्रकार बसणार आहेत, हे मात्र तिला कुणी सांगितलेलं नाही.

तर, फडावरच पडदा लावून कुणी काही दाखवलंय का? तिथे वीज नाही. आणि दिलेली संमती आता बदलता येते का? पोरांशी वाकडं यायला नको आहे.

प्रतिसाद १
छोटा एलईडी प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर दोन तास सहज चालतो. स्पीकर वेगळा न्या, उघड्यावर प्रोजेक्टरचा आवाज पोचत नाही. अंधार पडल्याशिवाय सुरू करू नका.

प्रतिसाद २
आधी मावशीचं बघा. पूर्वप्रदर्शनापर्यंत कापाकापी करता येते, एकदा बाहेर गेलं की कागद घेऊन फिरत बसाल. तिचा तुकडा मागवा, तिला एकटीला मोबाईलवर दाखवा, कोण कोण बघणार तेही सांगा. नको म्हणाली तर चेहरा झाकून आवाज ठेवता येतो. अंगठा दिलाय म्हणून पोरं अडून बसली, तर ती चांगली आहेत हे तुमचं मत तपासा.

धागाकर्ता
आभारी आहे. तुकडा मागवलाय. दाखवायला बहिणीला पाठवतोय, माझ्यासमोर मावशी बोलायची नाही. पडद्याचं ट्रक नसेल त्या रात्री जमवू. दौंडच्या आसपास कुणाकडे इन्व्हर्टर असेल तर व्यक्तिगत निरोप करा, भाडं देईन.