खाकी पाकीट घेतलं की झालं पर्यावरण?

गुलमंडीकर: काल एकाने लिहिलं, "संभाजीनगरातले घरगुती चिवडा-पापडवाले आळशी. पारदर्शक खिडकीचं खाकी कागदी पाकीट घेतलं की प्लास्टिक सुटलं." ते पाकीट रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी कागदाचा लगदा होतो अन् हातात पिशवी उरते, पॉलिथिनची. तो थर नसेल तर सीलच बसत नाही. दोन्ही चिकटलेले, म्हणून भंगारवालाही हात लावत नाही. वर त्या खिडकीतून उजेड लागून चिवड्यातले शेंगदाणे लवकर खवट होतात, ते वेगळंच.

गोलाईकर, लातूर: मग प्लास्टिकच वापरत बसायचं का? कंपोस्टेबल पिशव्या मिळायल्यात की.

गुलमंडीकर: मिळतात. आयएस 17088 वाल्या, म्हणजे कुजणाऱ्या प्लास्टिकच्या भारतीय मानकाच्या. पण त्या कुजायला 58 अंशांच्या आसपास तापलेला मोठा कंपोस्ट प्रकल्प लागतो, तुमचा उकिरडा नाही. शिवाय साध्या प्लास्टिकपेक्षा ओल जास्त आत घेतात. श्रावणात चिवडा सादळला की गिऱ्हाईक तुमचं पर्यावरण ऐकून घेतं का? आणि रद्दीची पुडी सुचवू नका. शाई तेलात उतरते, 2018 च्या खाद्यपदार्थ पॅकिंगच्या नियमांनी ती बंद आहे.

कुरडईवाली: सगळ्याला एकच माप कशाला? कुरडई, सांडगे, ज्वारीचे पापड कडक वाळलेले, बिनतेलाचे. उन्हाळ्यात जाड कागद अन् दोरा बास. प्लास्टिक लागतं तळणाला. तेही पूर्ण गार करून भरा, नाहीतर वाफ आतच धरते. वर तीन बोटं जागा सोडा. सीलच्या पट्टीवर तेल-मसाला राहिला की तिथूनच हवा शिरते. निम्मी नासाडी भरणाऱ्याची असते, नाव पाकिटाचं.

बरणीवाले: येसर, लोणचं, काळा मसाला काचेच्या बरणीत द्या, ठेव घ्या, बरणी परत घ्या. संपला वाद.

गोलाईकर, लातूर: अन् स्टिकरचा गोंद कोण खरवडणार? गरम पाणी, मग तेल, मग घासणी. शंभर बरण्यांना दिवस जातो.

बरणीवाले: मैद्याच्या खळीने कागद लावा. गरम पाण्यात सुटतो.

गोलाईकर, लातूर: 2020 चे खाद्यपदार्थांच्या लेबलचे नियम वाचा. लेबल डब्यापासून सुटता कामा नये. अन् खळीला झुरळं लागतात ती?

बरणीवाले: सुटायचं नाही ते गिऱ्हाइकाच्या घरी, धुताना सुटलं तर बिघडलं काय? झुरळांसाठी खळीत चिमूटभर मोरचूद.

कुरडईवाली: मोरचूद! ते विष, खायच्या बरणीवर?

बरणीवाले: बाइंडिंगवाले आजवर घालत आलेत.

कुरडईवाली: वह्या कुणी चाटत नाही हो! झाकणाचं तरी बोला. आतल्या चकतीत लोणच्याचा वास मुरतो, धुऊन जात नाही. दर फेरीला झाकण नवं घ्यावं लागतं. ते धरलंय का हिशोबात?

बरणीवाले: झाकण नवं. मान्य. मोरचूद मागे घेतो, खळ नाही.

गुलमंडीकर: कुरडईला कागद, हे पटलं, नाइलाजाने. चिवड्याला मात्र एकाच जातीच्या प्लास्टिकची, निव्वळ पॉलिप्रॉपिलीनची पिशवी. कागद नको, चंदेरी थर नको, म्हणजे भंगारात तरी जाईल. अन् 50 ग्रॅमच्या वीस पुड्यांऐवजी किलोचं एक पाकीट. काल आळशी म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचं पाकीट भिजत घालावं.