मदत हवी आहे: शीआनमध्ये एक दिवस, रात्री लांबची ट्रेन

रानजाई
नमस्कार. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन चीनला जातेय. शीआन शहरासाठी एकच दिवस आहे, त्याच रात्री दहाची ट्रेन आहे, अठरा तासांची. टेराकोटाचे सैनिक करायचेच आहेत. शिवाय तटबंदी, म्युझियम, मुस्लिम गल्ली आणि ह्युएनत्संगाचा पॅगोडा. क्रम कसा लावू? व्हिडिओंमध्ये प्रत्येक जण वेगळंच सांगतोय. उद्या बाकीचं बुकिंग करायचंय, तेव्हा प्लीज आज सांगा.

भटकी_वही
वार कोणता? ट्रेन कुठल्या स्टेशनवरून? सामान किती? आई-बाबांची वयं? हे कळल्याशिवाय काय सांगणार!

दर्यावर्दी
मी आठ वर्षं चीनमधून माल आणतोय. तुम्ही शीआनऐवजी ग्वांगझोउला जा. ऑक्टोबरच्या मध्याला कँटन फेअर हे मोठं व्यापारी प्रदर्शन सुरू होतं, 1957 पासून चालू आहे. एकदा बघितलंत की जग कसं चालतं ते कळतं. शाकाहारी भारतीय जेवणही तिथे मिळतं.

रानजाई
दर्यावर्दी, धन्यवाद, पण आम्हाला काही विकत आणायचं नाहीये.
भटकी_वही, सोमवार आहे. ट्रेन शीआनवरूनच आहे, वर लिहिलंय की. बाबा 74, आई 69. आता क्रम सांगा.

भटकी_वही
सोमवारी शान्शी इतिहास संग्रहालय बंद असतं, ते यादीतून काढा. इतर दिवशीसुद्धा आगाऊ नोंदणीशिवाय आत सोडत नाहीत.
आणि 'शीआन' म्हणजे 'शीआन' की 'शीआन उत्तर'? ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. वेगवान गाड्या उत्तरेहून सुटतात आणि ते शहराच्या बरंच बाहेर आहे. झेड, टी, के अक्षरांच्या रात्रीच्या गाड्या जुन्या शीआन स्टेशनवरून सुटतात, ते तटबंदीला लागूनच आहे. तिकिटावरचं अक्षर बघा.

सह्यकडा
काहीही करा, पण टेराकोटा सोडू नका. 1974 साली शेतकरी विहीर खणत होते आणि खालून मातीची डोकी निघाली. पहिला खड्डा जवळजवळ 230 मीटर लांब आहे. मी कठड्याला टेकून वीस मिनिटं नुसता उभा होतो, बायको हाका मारत होती तरी ऐकू आलं नाही. प्रत्येक चेहरा वेगळा. तटबंदी काय, आपल्याकडे किल्ले कमी आहेत का?

कृष्णाकाठ
सह्यकडा, तुमचं प्रेम कळतं, पण ते ठिकाण शहरापासून सुमारे 40 किलोमीटर आहे. मेट्रोची नऊ नंबरची लाइन ह्वाचिंग कुंडापर्यंत नेते, पुढे बस. दाराशी पोचल्यावरही चालणं भरपूर, गर्दीत उभं राहणं त्याहून जास्त. 69 वर्षांच्या बाईंना घेऊन, रात्री ट्रेन असताना? आणि तटबंदीला कमी लेखू नका. मिंग राजघराण्याच्या काळातली आहे, 13.7 किलोमीटरचा सलग वेढा, बारा मीटर उंच. वर चालताना आत जुनं शहर, बाहेर टॉवर. असं आपल्याकडे एकही शहर उरलेलं नाही.

सह्यकडा
माझी आई 71 ची होती आणि ती आली होती. म्हातारी माणसं काही करू शकत नाहीत हे आपणच ठरवून टाकतो.

कृष्णाकाठ
करू शकतात, पण त्या रात्री अठरा तासांच्या गाडीत चढायचं आहे हे तुम्ही धरतच नाही.

लोहमार्ग
वाद नंतर. ताई, शीआनला पोचताय किती वाजता? आणि कुठून?

रानजाई
बीजिंगहून, सकाळची वेगवान गाडी. साडेअकराला पोचते. स्टेशन बघितलं, येताना शीआन उत्तर आहे आणि रात्रीची गाडी के अक्षराची, नुसतं शीआन.

भटकी_वही
अहो, हे आधी सांगायला हवं होतं! मग तुमच्याकडे एक दिवस नाही, अर्धाच आहे. टेराकोटा विसरा.

लोहमार्ग
आता नीट सांगता येईल. मेट्रोची चार नंबरची लाइन तुमच्यासाठीच टाकल्यासारखी आहे: शीआन उत्तर, मग जुनं शीआन स्टेशन, मग तटबंदीच्या आतून खाली दायानता, म्हणजे तुमचा पॅगोडा. गाडी बदलावीच लागत नाही. उत्तरेला उतरलात की थेट जुन्या स्टेशनवर जा आणि तिथल्या सामान-घरात बॅगा ठेवा. उत्तरेला ठेवल्यात तर रात्री परत जावं लागेल, ती चूक मी केली आहे.
तिकीट म्हणजे पासपोर्टच. आपला पासपोर्ट यंत्रावर चालेलच असं नाही, माणूस बसलेल्या फाटकाच्या रांगेत उभे राहा. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं आणि मग विनवण्या करून उपयोग नसतो. नऊच्या आत स्टेशनात असा. सामान तपासतात, सुरी काढून घेतात. माझ्या वडिलांचा गुडघ्यावर मारायचा स्प्रेसुद्धा ठेवून घेतला होता. आईंसाठी मलम न्या.
बर्थ कुठले आहेत?

रानजाई
आईचे गुडघे दुखतात, स्प्रे खरंच नेणार होते. धन्यवाद.
बर्थ हार्ड स्लीपर. दोन वरचे, एक मधला. आपल्या थ्री-टायरसारखंच ना?

लोहमार्ग
नाही हो. एका कप्प्यात सहा बर्थ, दार नाही, तिन्ही मजले कायम उघडेच असतात. वरच्या बर्थवर ताठ बसता येत नाही आणि चढायला भिंतीला लावलेली अरुंद शिडी. खालचा बर्थ थोडा महाग असतो तो ह्यामुळेच. आईंना तिथे चढवू नका. तिकीट एकदा बदलून घेता येतं, आजच सॉफ्ट स्लीपर बघा. चार बर्थ, दार लागतं.

शब्दवेल्हाळ
पॅगोडाचं नाव आलंच आहे म्हणून लिहिते. ह्युएनत्संग 645 साली भारतातून परतला तेव्हा 657 ग्रंथ घेऊन आला. ते ठेवायला त्याच्याच आग्रहावरून 652 साली हा मनोरा बांधायला घेतला. आणि हाच माणूस आपल्याकडे येऊन गेला होता, चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या काळात. इथल्या लोकांबद्दल त्याने लिहिलंय की उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ, अपमान करणाऱ्याचा सूड घेणारे, आणि सूड घ्यायच्या आधी शत्रूला आगाऊ कळवणारे. हे वाचलं की माझ्या अंगावर काटा येतो.

कृष्णाकाठ
त्याने सांगितलेली पुलकेशीची राजधानी बदामी नव्हे, नाशिक असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे.

शब्दवेल्हाळ
मतभेद आहेतच. अजिंठ्याचं मात्र बघा. डोंगरातला विहार अचल नावाच्या अर्हताने, म्हणजे सिद्ध बौद्ध भिक्षूने, बांधला असं तो लिहितो, आणि अजिंठ्याच्या 26 व्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर (ज्येष्ठ भिक्षू) अचलाचं नाव आहे. दारातल्या दगडी हत्तींचाही उल्लेख आहे. तो स्वतः तिथे गेला की ऐकून लिहिलं, यावर वाद आहे, पण वर्णन जुळतं.

सह्यकडा
मग सैनिक सोडून पॅगोडा? पटत नाही.

भटकी_वही
धागा भरकटतोय. रानजाई, जेवणाचं काय? आई-बाबा शाकाहारी?

रानजाई
भरकटला नाही, उलट नेमक्या जागी आला. बाबांनी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. ह्युएनत्संगाचा धडा ते पुस्तक न उघडता सांगायचे, मी त्यांच्याच वर्गात होते. चीन बघायचं म्हणजे त्यांच्यासाठी तो मनोरा आणि नंतर तुनह्वांगच्या गुंफा, म्हणूनच ही ट्रेन, ल्यूयुआनला उतरणार आहोत. टेराकोटा माझ्या यादीत होतं, त्यांच्या नाही. हे आधी लिहायला हवं होतं.
आई शाकाहारी, आणि चातुर्मास पाळते, कांदा-लसूण नाही.

शब्दवेल्हाळ
मग बाबांना एक सांगा. मनोऱ्यात वर चढायचं तिकीट वेगळं असतं आणि जिने चढे आहेत. पण वर गेलंच पाहिजे असं नाही. तळाच्या दक्षिण दाराच्या दोन बाजूंना दोन शिलालेख आहेत, ताइत्सुंग आणि काओत्सुंग या सम्राटांचे, ह्युएनत्संगाच्या ग्रंथकार्याबद्दलचे. अक्षर छू स्वेलियांग या सुलेखनकाराचं, तिकडे आजही गिरवतात ते. मी तिथे उभी राहिले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ हवेत बोटाने तीच अक्षरं काढत होते. बाबांना तिथे घाई करू नका.

कृष्णाकाठ
कांदा-लसूण नको असेल तर बौद्ध मंदिराशेजारची शाकाहारी उपाहारगृहं शोधा. चिनी बौद्ध भिक्षूंच्या स्वयंपाकात मांसाबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतं. 'वो छ्र सू' म्हणजे मी शाकाहारी आहे. हे चिनी लिपीत कागदावर लिहून घ्या, आमचे उच्चार त्यांना कळत नाहीत. मुस्लिम गल्लीत आईंसाठी फार काही नाही, ल्यांगफी म्हणजे थंड नूडल्स, त्यातसुद्धा लसणाचं पाणी घालतात. डाळिंबं मात्र घ्या, लिंतुंगची डाळिंबं तिकडे आपल्या सोलापूरसारखीच नावाजलेली आहेत.

लोहमार्ग
गाडीत प्रत्येक डब्यात उकळत्या पाण्याची टाकी असते. दशम्या, कोरडी चटणी, पाणी ओतून होणारे पोहे न्या. एक स्टीलचा डबा झाकणाचा. एवढ्यावर आई अठरा तास आरामात काढतील.

दर्यावर्दी
ताई, पैशांचं सांगतो, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. अलीपे हे फोनवरून पैसे द्यायचं अ‍ॅप निघायच्या आधी घरूनच आपल्या कार्डाला जोडा, पासपोर्टची पडताळणीही घरीच करा. छोट्या दुकानात कार्ड घेत नाहीत. थोडे युआन रोख बाळगा, आईंच्या पर्समध्ये वेगळे.

रानजाई
दर्यावर्दी, हे फार कामाचं आहे.
ठरलं असं: साडेअकराला उतरून चार नंबरने जुनं स्टेशन, बॅगा ठेवायच्या, जेवण, दीड-दोनला दायानता. संध्याकाळ होईपर्यंत तिथेच. मग दक्षिण दरवाजाने अर्धा तास तटबंदीवर, जमलं तर. आठला स्टेशन.

भटकी_वही
छान. तटबंदी राहिली तरी हळहळू नका. तुनह्वांगच्या मोगाव गुंफांची तिकिटं काढलीत का? तिथे आगाऊ नोंदणी लागते. आणि ल्यूयुआनहून तुनह्वांग सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे, गाडी ठरवलीय?

रानजाई
नाही! हे कोणी सांगितलंच नव्हतं. आत्ता बघते.
सॉफ्ट स्लीपर मिळाला, दोन खालचे, एक वरचा. वरचा माझा.