मदत हवी आहे: पॅन्टोप्राझोल घेऊनही पोटात आग, कोणती गोळी घेऊ?

कट्टेकरी
शनिवारी दारू प्यायला बसलो होतो. बसताना पॅन्टोप्राझोल ४० घेतली, नेहमीसारखी. तरी रविवारपासून बेंबीच्या वर नुसती आग आणि मळमळ. आज मंगळवार. मेडिकलवाला म्हणतो रॅबेप्राझोल घ्या, मित्र म्हणतो सुक्रालफेट. यातली कोणती? उपदेश नकोत, नाव सांगा. शुक्रवारी भावाची हळद आहे.

भाकरतुकडा
किती घेतली? रिकाम्या पोटी? बाकी काही औषधं चालू आहेत का?

कट्टेकरी
नेहमीइतकीच. चखणा होता. बाकी औषधं नाहीत.

आगळवाला
गोळ्या कसल्या खाताय राव! आम्ही मालवणकडचे. वाटीभर सोलकढी प्यायची आणि आडवं व्हायचं. वीस वर्षांत एक गोळी घेतली नाही.

खलबत्ता
मी फार्माकॉलॉजी शिकवते. पॅन्टोप्राझोल आम्लाचा पंप बंद करते, तीही जेवणाआधी अर्धा तास घेतली तर नीट. पण दारूला आम्लाची गरजच नसते, ती अस्तर थेट भाजते. श्लेष्माचा थर पातळ होतो, पेशींमधले सांधे सुटतात, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. १९७९ मध्ये अपजॉन कंपनीतल्या आंद्रे रॉबर्ट यांनी उंदरांना निव्वळ अल्कोहोल पाजून पाहिलं. आधी प्रोस्टाग्लँडिन (जठराच्या अस्तराचं रक्षण करणारं द्रव्य) दिलेल्या उंदरांची जठरं वाचली, आम्ल कमी न करणाऱ्या मात्रेतसुद्धा. सिमेटिडिन आणि अँटासिड, म्हणजे आम्ल कमी करणारी औषधं, दिलेल्यांची वाचली नाहीत. तेव्हा 'आम्ल दाबलं की पोट सुरक्षित' हे गणित दारूपुढे चुकतं.

जुना_गडी
पुस्तकी बोलू नका ताई. मी पंधरा वर्षं रॅनिटिडीन, ती आम्लपित्ताची गोळी, घेऊन बसतो, ठणठणीत आहे.

खलबत्ता
रॅनिटिडीन जठरातलं दारू मोडणारं एन्झाइमही थोडं दाबते, म्हणजे झाली तर थोडी जास्तच चढेल. शिवाय २०२२ मध्ये ती आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळली गेली. पोट दुखलं नाही म्हणजे यकृतही खूश आहे असं समजू नका, त्याला यातली एकही गोळी वाचवत नाही.

जुना_गडी
यकृताचं कुणी विचारलंय?

आजीचा_बटवा
ज्येष्ठमध! चिमूटभर मधातून.

खलबत्ता
ज्येष्ठमधापासून काढलेलं कार्बेनॉक्सोलोन १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये अल्सरला देत असत, बटव्यात तथ्य आहे. पण अंगावर सूज यायची, रक्तदाब वाढायचा. बीपीवाल्यांनी सांभाळून.

कट्टेकरी
सगळे आपापलं सांगताय. सुक्रालफेट घेऊ की नको, हो की नाही एवढंच सांगा!

भाकरतुकडा
अहो, तुम्ही तरी कुठे नीट सांगताय? गुडघा, पाठ, डोकं, कशासाठीच कधी वेदनाशामक घेत नाही?

कट्टेकरी
ते औषध थोडंच झालं. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, महिनाभर सकाळ-संध्याकाळ.

खलबत्ता
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं! वर सांगितलेलं प्रोस्टाग्लँडिन तुमचं जठर स्वतःच बनवतं, श्लेष्मा आणि रक्तपुरवठा त्यावरच टिकतात. डायक्लोफेनॅक तेच बनू देत नाही. महिनाभर छप्पर काढून ठेवलंत आणि शनिवारी पाऊस पाडलात. सुक्रालफेट सोललेल्या जागी चिकटून पापुद्रा धरतं. रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, पण ते मलमपट्टीच. मिसोप्रोस्टॉल हे कृत्रिम प्रोस्टाग्लँडिन. ते मेडिकलवाल्याला विचारून घ्यायचं नाही, गर्भपातालाही वापरतात. डायक्लोफेनॅक आजच थांबवा. एकच विचारते: शी कशी होतेय?

कट्टेकरी
काळपट, दोन दिवस. पण शनिवारी बीटची कोशिंबीर होती.

भाकरतुकडा
बीटने लालसर होते, काळी नाही. लोहाच्या गोळ्या घेता?

कट्टेकरी
नाही.

खलबत्ता
डांबरासारखी, चिकट, उग्र वासाची असेल तर आत रक्तस्राव असू शकतो. आत्ता रुग्णालयात जा, उद्यावर ढकलू नका. उभं राहिल्यावर गरगरतं का? मग स्वतः गाडी चालवू नका. डॉक्टरांना डायक्लोफेनॅक आणि दारू, दोन्ही सांगा. तिथेही 'बाकी काही औषधं नाहीत' म्हणू नका. ते ठरवतील एंडोस्कोपी करायची की नाही.

कट्टेकरी
जिना चढताना सकाळी गरगरलं होतं. बायको स्कूटर काढतेय.

आगळवाला
स्कूटर नको, मागे बसून तोल गेला तर? रिक्षा करा.

चमचाभर
सोलकढीत आलं घालता का हो?

आगळवाला
लसूण आणि हिरवी मिरची. आलं घालणारे घाटावरचे.